टोपीवाल्याला पाणी कोणी विचारलं?

भिवंडीजवळच्या काल्हेरला आमचं सामान घेऊन आलेला टेम्पो पदूदादांनी भर रस्त्यात अडवला, तेव्हा मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी भांडण! उंच, काळासावळा म्हातारा, अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि दोन्ही हात पसरून टेम्पोच्या पुढ्यात उभा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागे माझं लग्नातलं कपाट धाडकन टीव्हीवर आदळलं. "ओ काका, मरायचंय का?" मी खिडकीतून ओरडले. काकांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि म्हणाले, "पानी पिलास?"

"पिलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"कवा?"

"सकाळी."

"सकालचा पानी आता चालतंय व्हय?" आणि खिडकीतून पितळेचा तांब्या आत आला, सोबत गुळाचा खडा. ड्रायव्हरने मुकाट्याने तांब्या तोंडाला लावला. मग तोच तांब्या भरून माझ्याकडे आला. मी म्हटलं, मला तहान नाही. तर म्हणतात, "तहान लागल्यावर कोनी बी पितो, बाय. तू न लागता पी." टीव्हीची काच गेली होती, माझ्या डोक्यात आग पेटली होती, आणि तरी मी प्यायले! त्या माणसापुढे दुसरं काही चालतच नाही.

तर हे पदूदादा. पूर्वी भातशेती होती, आता शेतांवर गोडाऊन उभी आहेत. चार चार अंगठ्या घालून, मोठ्या गाडीतून फिरावं अशी परिस्थिती. त्यांच्या वयाचे बाकीचे फिरतातही. पण हे आपले सकाळी उठून गेटजवळच्या उंबराखाली स्टूल टाकून बसणार. बाजूला माठांची रांग. गोडाऊनला येणारा प्रत्येक ट्रक, टेम्पो, हातगाडी, सायकल, कुणीही पाणी प्यायल्याशिवाय आत जायचं नाही. माठाला स्वतःहून हात लावलेलाही खपत नसे. एकदा एका क्लीनरने आपला आपण ग्लास बुडवला, तर केवढे खवळले! "पानी घ्यायचा नस्तो रं, पानी द्यायचा अस्तो! बस तितं. मी देतो." तो बिचारा ग्लास ठेवून परत बाकावर जाऊन बसला.

मला त्यांच्याच एका गोडाऊनच्या केबिनमध्ये नोकरी लागली. ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायच्या, ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची. त्यामुळे दिवसभर समोर हा तमाशा. घाईत आलेला ड्रायव्हर म्हणायचा, "चाचा, माल की देर हो रही है," आणि दादा म्हणायचे, "आदी पानी. मंग बाकीचा." मीटर वाचायला आलेला माणूस असो, निवडणुकीचे भोंगे लावून आलेली रिक्षा असो, आदी पानी, मंग बाकीचा. एकदा नवरदेवाची वरात अडवली. घोड्यावरून वाकून नवरदेवाने तांब्या घेतला, मुंडावळ्या भिजल्या, बॅण्डवाले रांगेत उभे राहून प्यायले आणि मुहूर्त टळला. मुलीकडचे चिडले. दादा म्हणाले, "नवरा तहानलेला दिला असता तं बरा व्हता?"

सगळ्यांत कहर म्हणजे तो चोर. मागच्या गोडाऊनमध्ये सापडला. पोरांनी पकडून गेटपाशी आणला, दोन-चार ठेवूनही दिल्या. एवढ्यात दादा तांब्या घेऊन मध्ये. "थांबा रं! आदी पानी. मंग मारा." पोरं थांबली. चोर प्यायला, त्याने आणखी मागितलं, दादांनी आणखी दिलं. आता याला पोलिसांत द्यायचा की इथेच बदडायचा यावर पोरांचं भांडण जुंपलं, तोवर चोराने तांब्या नीट कट्ट्यावर ठेवला, भिंतीवर चढला आणि पसार! मी केबिनमधून नुसती किंचाळत राहिले. पोरं दादांवर धावून गेली. दादा शांतपणे म्हणाले, "तांब्या ठेवून जेला ना? मंग कसला चोर?"

त्यांची बायको ताराकाकी. तिला या चोराबद्दल विचारलं की म्हणायची, "तू चोराचा कय घेऊन बसलीस? माजं लगीन लागत व्हतं. अंतरपाट धरलेला, भटजी बोलतोय, आनि ह्यो मानूस पलीकडशी मना विचारतो, पानी पिलंस का?" असं सांगताना काकी कपाळावर हात मारायची, पण हसायचीही.

आता खरी गंमत पुढेच आहे. पदूदादांना दुसरा एक नाद होता. सिनेमाचा. म्हणजे एकाच सिनेमाचा!

झालं होतं असं की कुणा भाडेकरूने गोडाऊन रिकामं केलं आणि कोपऱ्यात एक लाकडी पेटी विसरून गेला. दादांनी त्याची खूप वाट पाहिली, निरोप धाडले, तो काही आला नाही. शेवटी पेटी उघडली तर आत जुनं सिनेमाचं मशीन आणि रिळाचा एक डबा. भिवंडीतल्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून मशीन चालू करून घेतलं. शेजारच्या पॉवरलूमवाल्याकडून कोरं पांढरं कापड आणून भिंतीला ठोकलं. भरदुपारी गोडाऊनचं शटर खाली ओढलं की आत मिट्ट काळोख, कुठल्या थिएटरात नसेल असा. आणि पडद्यावर घोडा आला.

बोलका सिनेमा नव्हता हो. त्याच्याही आधीचा. फार फार जुना, मुका, सगळी माणसं लगबगीने चालणारी. कुठल्या तरी परमुलखातलं माळरान. एक टोपीवाला घोड्यावरून चाललाय. कमरेला बंदूक, गळ्यात रुमाल, दाढी वाढलेली, बघताच वाटावं की हा काही बरा माणूस नाही. वाटेत एक गाडी मोडून पडलेली आणि चाकापाशी एक चिमुरडी एकटीच रडत बसलेली. टोपीवाला खाली उतरतो. पोर त्याला घाबरते, चाकामागे लपते. मग हा काय करतो? टोपी काढून जमिनीवर ठेवतो, स्वतः तिच्याएवढा होऊन बसतो आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिला देतो. सगळं! शेवटी बाटली उलटी करून झटकतो, त्याच्यासाठी थेंब उरलेला नाही. तिला घोड्यावर बसवतो, उन्हासाठी टोपी तिच्या डोक्यावर घालतो आणि आपण पायी चालतो. त्याचा हात कुठेतरी कापतो, तर ती पोर आपल्या केसांची रिबीन सोडून त्याला बांधते. मी इतक्या वेळा पाहिलं, दर वेळी त्या रिबिनीला माझे डोळे भरून आले. नुसतं सांगतानाही येतात, बघा!

आवाज दादांचा. मशीनपाशी उभं राहून ते सगळं बोलून दाखवायचे. पोरीचं नाव ठकी, घोड्याचं नाव राजा, आणि टोपीवाला म्हणजे दादूस, थोरला भाऊ. "आयला, दादूस आयला! ठकी, भिऊ नको, ह्यो आपला मानूस हाय!" मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. मी एकदा हौसेनं वाचायला गेले, "दादा, इथे लिहिलंय की..." तर माझ्यावरच वसकन ओरडले. "बाय, गप. तो कय बोलतो ता त्याच्या तोंडावर दिसतंय. वाचायचा कनाला?"

शेवटी घर येतं. आई धावत बाहेर येते, पोरीला घोड्यावरून ओढून घेते, आजूबाजूची माणसं जमतात. टोपीवाला कुंपणाशी उभा राहतो. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवतो. आणि फट्! पांढरा पडदा. रीळ संपलं. पुढचा डबा पेटीत नव्हताच.

इथून खरा गोंधळ सुरू व्हायचा. दादा शटर वर करायचे आणि सगळ्यांना एकच प्रश्न. "आता बोला. त्याला पानी विचारला का न्हाय?"

आम्ही बायका म्हणायचो, विचारलंच असणार! पोर आणून दिली, पाण्याला विचारणार नाहीत? पोरं ओरडायची, "कोंबडी कापली असेल, कोंबडी!" माल उतरवायला आलेले ड्रायव्हर मागे उभे असायचे, ते हसायचे. "अरे, ड्रायव्हर को कौन पूछता है!" दादा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे. त्यांना स्वतःला विचारलं तर बोलायचे नाहीत. एवढा बडबड्या माणूस, त्या प्रश्नाला गप्प. मग स्टुलावर जाऊन बसायचे आणि आल्या ट्रकला सांगायचे, "भाई, तू देशभर फिरता हय. असा असा पिच्चर हय. टोपीवाला, घोडा, पोरगी. उसका दुसरा डब्बा किदर दिखा तो लाना."

ड्रायव्हर लोक मोठे दिलदार. खरंच डबे आणायचे! कुणी कोलकात्याहून, कुणी लुधियान्याहून. एकातून कुटुंबनियोजनाचा सिनेमा निघाला, तोही दादांनी गाव जमवून लावला आणि काकी पंधरवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. एकातून कपाशीवर औषध मारायची माहिती निघाली. एकातून कुणा शेठजींच्या मुलीचं लग्न. ते दादांनी शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघितलं. मी म्हटलं, तुमचा काय संबंध? म्हणाले, "वऱ्हाडाला पानी देतात का बगतोय."

आणि मग तो दिवस उजाडला. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

दुपारची वेळ. मी डबा उघडून पहिला घास घेतेय, तर एक अनोळखी ड्रायव्हर केबिनच्या दारात. किडकिडीत, गळ्यात गमछा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "मॅडम, वो पानीवाले चाचा इधर ही बैठते हैं क्या?" इंदूरच्या पुढच्या कुठल्याशा ढाब्यावर त्याला दुसऱ्या ड्रायव्हरने दादांची गोष्ट सांगितली होती. दादांना तो कधी भेटलाही नव्हता. पण एक जुनी टॉकीज पाडत होते, तिथल्या भंगारात डबा दिसला, झाकणावर घोड्याचं चित्र चिकटवलेलं, म्हणून उचलला. त्याचा माल उतरायचा होता पुढच्या गावी, राहनाळला. मुद्दाम इथे थांबला होता.

दादांनी झाकण उघडलं, रिळाची हातभर पट्टी ओढली आणि उन्हात धरली. मीही मान वाकडी करून बघते. छोट्या छोट्या चौकोनांत एक चिमुरडी, आणि तिच्या डोक्यावर ही एवढी मोठी टोपी!

"ठकी!" दादा असे ओरडले की उंबरावरचे कावळे उडाले. "ठकी हाय बाय, ठकी गावली! तारे, अगं तारे, ठकी गावली!" डबा छातीशी धरला आणि धावत सुटले आत. चप्पल एक इकडे, एक तिकडे. मी बिल्ट्या तशाच टाकून त्यांच्यामागे. हमाल पोती टाकून मागे. काकी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर. ड्रायव्हर गमछ्याने मान पुसत थोडा वेळ तिथेच थांबला, मग त्याच्या गाडीमागे हॉर्न वाजायला लागले तसा वर चढून निघून गेला.

बघता बघता गोडाऊन भरलं. बिल्डिंगमधल्या बायका आल्या, शाळा सुटलेली पोरं आली, रस्त्यावर ट्रक लावून ड्रायव्हर आले. शटर खाली आलं. घाईघाईत दादांना रीळ मशीनमध्ये बसवता येईना. "दादूस, आता कलल रं बाबा, आता कलल," असं स्वतःशीच चाललेलं.

लागलं! तीच आई. तेच अंगण. आई पोरीला घट्ट धरून रडतेय, हसतेय, तिचे मुके घेतेय. टोपीवाला कुंपणाशी उभा आहे. आणि दाराशी काय असावं? पाण्याचं पिंप! झाकण ठेवलेलं, वर पेला अडकवलेला. दादा ओरडले, "पिंप हाय! बगा, दारातच पानी हाय! विचारा त्याला, आरं कोनीतरी विचारा!" टोपीवाल्याने त्या पिंपाकडे बघितलं.

आणि लाइट गेली.

काय सांगू! लोडशेडिंग आम्हाला नवीन नव्हतं. त्याच्या वेळा आम्हाला पाठ होत्या, त्या बघूनच दादा सिनेमा लावायचे. नेमकी त्याच दिवशी वेळ बदललेली. शटर अर्धं वर केलं. कुणी वीजवाल्यांना शिव्या घालतंय, कुणी मोबाईलवरून चुलतभावाला विचारतंय त्याच्याकडे गेली का. माझं डोकं तर असं फिरलं होतं! आणि दादा मशीनपाशी उभे, पुटपुटतायत, "विचारला असंल का? विचारला असंल?" शेवटी मी चिडून बोलले. "अहो दादा, पाणी विचारलं काय नि नाही विचारलं काय! सिनेमाच आहे ना? मेली असतील ती सगळी माणसं कधीच!"

बोलले आणि जीभ चावली. दादांचा चेहरा पाहवेना.

ते तिथेच एका पोत्यावर बसले आणि बोलायला लागले. नेहमीसारखं मोठ्याने नाही.

"मी बारका व्हतो, बाय. ठकीयेवरा. बापसाच्या बैलगारीतून भिवंडीला जेलो, पेंढा इकायला. तितं लूमचा आवाज आयला, खटाखट, खटाखट. म्या कवा आयकला नव्हता. आवाजाच्या मागं मागं जेलो आनि हरवलो. रडत बसलो. तवा एक लुंगीवाला बाहेर आयला. लूमवरचाच कोनी. तो कय बोलत व्हता मना कलत नव्हता, परमुलखाचा व्हता, नुसता तोंड हललेला दिसायचा. पन मानूस चांगला हाय, ता कलला. त्यानं चायमध्ये पाव बुरवून दिला. नाक पुसला. मना फक्त काल्हेर बोलता येत व्हता. तर खांद्यावर घेतला आनि चालत आयला की रं, भिवंडीशी काल्हेरपरेंत! उनातशी. वाटंत मना बोरं दिली. मी मूठभर त्याच्या तोंडात कोंबली तं हसला."

मागचे ड्रायव्हरसुद्धा पुढे सरकले.

"आयेनं मना खांद्यावरशी ओरून घेतला. सगला गाव जमला. रडतात, हसतात. म्या आयेच्या खांद्यावरशी बगला, तो अंगनाच्या कडंला उभा. लुंगीनं तोंड पुसत व्हता. दाराशी माठ व्हता, बाय. भरलेला. त्यानं माठाकरं बगला. कोनी बोलला न्हाय. मी वरडलो बी असंन, पन त्या कालव्यात कोन आयकतंय? मंग तो गेला. नाव न्हाय, गाव न्हाय. पानी न्हाय."

मग म्हणाले, "आये मरेपरेंत मी तिला बोललो. सनाला बोललो, भांडनात बोललो. तू त्याला पानी पन न्हाय विचारलास. ती बोलायची, अरे लेकरा, तू गावलास, मना दुसरा कय दिसलाच न्हाय. म्या कवा ऐकून घेतला न्हाय. मानूस दारात उभा हाय आनि दिसत न्हाय? ह्या कय बोलना झाला?"

काकी पदराने डोळे पुसत होती. इतकी वर्षं संसार केला, पण हे तिलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आणि लाइट आली! पोरांनी एकच गिल्ला केला. शटर खाली, मशीन चालू. टोपीवाला पिंपाकडे बघतोय. आई पोरीला घेऊन आत जाते. माणसं तिच्यामागे आत जातात. दार लागतं. टोपीवाला थोडा थांबतो, घोड्याच्या मानेवर थाप मारतो आणि लगाम धरून चालू लागतो. बोडक्यानेच, कारण टोपी पोरीच्या डोक्यावर राहिलीय. मग दार उघडतं. ठकी धावत बाहेर येते, हातात टोपी. कुंपणापर्यंत येते. माळरानावर लांब कुठेतरी एक ठिपका. ती टोपी हलवत राहते. पाटी आली, पडदा पांढरा झाला.

मागून एक ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बोला था मैंने. कोई नहीं पूछता."

मला वाटलं, आता दादा कोसळतात. पण ते पडद्याकडे बघत हळूहळू म्हणाले, "पन ती आये वाईट न्हवती. बगितलंस ना बाय? पोरीचा तोंड कशी कुरवालत व्हती. तिला पोर गावलेली. आनंदात मानूस..." आणि मध्येच थांबले. ताडकन उठले. "तारे, त्या डायवरला पानी कोनी दिला?"

"कुठच्या?"

"डबा घेऊन आयला तो! त्याला पानी कोनी दिला?"

काकी म्हणाली, "मी पीठ मलत व्हते. तुमीच व्हते ना दारात."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही दिलं. कुणीच नाही दिलं. माठांची रांग तिथेच, दादा तिथेच, मी तिथेच. इंदूरच्या पुढून आलेला माणूस उन्हात उभा होता आणि आम्ही ठकी ठकी करत आत पळालो.

पुढचं इतकं झटकन झालं की मला नीट दिसलंसुद्धा नाही. शटर वर गेलं, तांब्या माठात बुडाला आणि दादा अनवाणी रस्त्यावर! "अवो, चप्पल!" काकी ओरडली. कसली चप्पल? मी मागे धावले, माझ्यामागे पोरं, त्यांच्यामागे हमाल. काल्हेरच्या ट्रॅफिकला मी रोज शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी मनातून हात जोडले. देवाच्या कृपेने रस्ता दुपारपासूनच जाम होता! खाडीच्या बाजूपासून राहनाळच्या दिशेने ट्रकला ट्रक चिकटलेला, एकही हलत नव्हता.

आणि ट्रकमधले ड्रायव्हर तर सगळे ओळखीचे. तांब्या दिसला की खिडकीतून हात बाहेर. "चाचा, इधर!" "चाचा, हमको भी!" जन्मभर जो माणूस लोकांच्या घशात पाणी ओतत आला, तो त्या दिवशी तांब्यावर पंजा धरून ओरडत पळत होता, "तुला न्हाय! तुला बी न्हाय! हट, हात लावू नको, तुला न्हाय!" ड्रायव्हर चाटच पडले. पाणी हिंदकळत होतं, दादांना धाप लागली होती, म्हातारा मध्येच पडतो की काय या भीतीने माझा जीव खाली-वर होत होता, आणि तरी मी ओरडत होते, "पळा दादा, पळा! तो बघा गमछा!"

तो स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. दादा पायरीवर चढले आणि पत्र्यावर थाप मारली. तो दचकून उठला. "अरे चाचा! क्या हुआ, रील गलत निकली क्या?"

दादांनी नुसता तांब्या पुढे केला. मग कसंबसं म्हणाले, "पी बाबा. आदी पी."

तो प्यायला. सगळा तांब्या. तहानलेला होता हो, घटाघटा प्यायला. दादा त्याच्या गळ्याकडे बघत होते. मुठीतला गूळ घामाने वितळून गेला होता, तसाच त्याच्या हातावर ठेवला.

"नाव कय तुजा?"

"असलम, चाचा."

"असलम," दादा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "असलम. हां." पायरीवरून खाली उतरले, हमरस्त्यात उभे राहिले आणि ढसाढसा रडायला लागले. तेवढ्यात पुढचा ट्रक हलला, मागे हॉर्नांचा कल्ला सुरू झाला, असलम खिडकीतून वाकून "चाचा, क्या हुआ, मॅडम, इनको क्या हुआ?" विचारतोय. मी दादांना दंडाला धरून कडेला घेतलं. ट्रक हळूहळू पुढे गेला. दादांनी रिकामा तांब्या हलवला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिले.

परत येताना ते एकच वाक्य बोलले. "आयेला उगाच बोललो गं, बाय."

घरी आलो. काकीने पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. दादा तसेच माठापाशी गेले, तांब्या विसळला आणि काठोकाठ भरला. मला वाटलं, आता पुन्हा कुठल्या ट्रकला शोधत जातात. पण ते आत गेले. भिंतीवर त्यांच्या आईचा जुना फोटो आहे, मोठं कुंकू, खोचलेलं लुगडं. त्याच्यासमोर त्यांनी तांब्या ठेवला, गुळाचा खडा ठेवला आणि समोर मांडी घालून बसले.

"पी, आये," म्हणाले.